कापराचा वास आला म्हणजे तो कापूर नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सणासुदीच्या घरगुती युक्त्यांची एक चौकट असते. परवाच्या चौकटीत अस्सल कापूर ओळखायच्या दोन खुणा दिल्या आहेत. एक, नाकाशी धरल्यावर झणझणीत वास आला पाहिजे. दोन, पेटवल्यावर मागे राख उरता कामा नये. आमच्या घरच्या मंडळींनी ती चौकट कात्रीने कापून देवघराच्या दाराला आतून चिकटवली आहे. रोज सकाळी ती डोळ्यांसमोर येते, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. कापायचे झाले तर सुरुवातीचे कापा, शेवटचे ठेवा.

मी ३४ वर्षे कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत केमिस्ट होतो. तुमच्या पहिल्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवेल, पण कापराशी ज्याचे काडीचे नाते नाही, असा पदार्थ आमच्या स्टोअरमध्ये डबे भरभरून असायचा. दुसऱ्या परीक्षेत तर डांबरगोळीसुद्धा पास होते. ती पेटते, काळाकुट्ट धूर सोडते आणि शेवटी मागे काही ठेवत नाही.

आधी त्या डब्याबद्दल. आमच्याकडे अॅल्युमिनियमचे कास्टिंग व्हायचे. अॅल्युमिनियमचा रस भट्टीत असताना हवेतल्या दमटपणातून हायड्रोजन ओढून घेतो आणि थंड होताना तो सोडतो. मग मशिनिंगला गेलेल्या कास्टिंगमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसतात आणि गिऱ्हाईक माल परत पाठवते. यावर उपाय म्हणजे डीगॅसरची वडी. साबणाएवढी पांढुरकी वडी लोखंडी घंटेसारख्या दांड्यात अडकवून सातशे अंशांच्या रसाच्या तळाशी दाबून धरायची. ती फुटते, रस खदखदतो, आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांबरोबर हायड्रोजन बाहेर निघून जातो. ही वडी हेक्झाक्लोरोइथेनची असायची. कार्बनचे २ अणू आणि क्लोरिनचे ६, बस्स. आणि डब्याचे झाकण उघडले की काय वास यायचा म्हणता? थेट देवळाच्या गाभाऱ्याचा. नवा माणूस कामावर लागला की पहिल्या आठवड्यात विचारायचाच, "साहेब, इथं कुठं देऊळ हाय का काय?"

१९८७ ची खंडेनवमी. मशिनांना हळदकुंकू झाले होते, भट्टीला नारळ फोडला होता, मी लॅबच्या तराजूला झेंडूचा हार घालत होतो. ऐन आरतीच्या वेळी कापराचा पुडा रिकामा निघाला. आमचे सर्वांत जुने मोल्डर, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, त्यांनी एका पोराला पिटाळले. पोराने दुकानापर्यंत जायचे कष्ट वाचवले. स्टोअरमधून डीगॅसरची फुटकी वडी उचलली, तिचा खडीसाखरेएवढा तुकडा पाडला आणि तबकात आणून ठेवला. मामांनी काडी लावली. एक विझली, दुसरी विझली. "पेटंना झालाय साहेब, सर्दावलाय जणू," मामा म्हणाले. मी अजून हारातच होतो, मान वर करून पाहिलेही नाही. तेवढ्यात कुणीतरी तो तुकडा उचलून धुपाटण्यातल्या लालबुंद निखाऱ्यांवर टाकला.

पहिला एक क्षण कापराचाच दरवळ. दुसऱ्या क्षणी ब्लीचिंग पावडरीच्या पोत्यात तोंड घातल्यासारखे झाले. डोळ्यांतून पाणी, घशात काटे. आरती अर्ध्यावर टाकून सगळे पटांगणात पळालो. धुपाटण्याच्या सर्वांत जवळ मामाच होते. दोन दिवस त्यांचा आवाज बसला होता आणि दसऱ्याचे सोने त्यांनी न बोलताच वाटले. लाल निखाऱ्यावर हा पदार्थ फुटला की क्लोरिन आणि त्याचे विषारी भाऊबंद निघतात. थोडक्यात निभावले ते शेड उघडी होती म्हणून. युरोपात या वड्यांवर १९९० च्या दशकातच बंधने आली.

पोराला मी नंतर झापले. पण मामा त्याच्या बाजूने उभे राहिले. म्हणाले, "त्याला कशाला बोलतासा? वास तर कापराचाच हुता की!"

मला उत्तर देता आले नाही. रसायनशास्त्राची पदवी भिंतीवर टांगलेली होती, तरीही. कापरात १० कार्बन, १६ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. डीगॅसरमध्ये हायड्रोजन नाही, ऑक्सिजन नाही, उलट कापरात औषधालाही नसलेला क्लोरिन ठासून भरलेला. एक झाडातून निघतो, दुसरा कारखान्यात बनतो. मग नाकाला दोघे सख्खे भाऊ का वाटावेत?

उत्तर मला बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाले, तेही दुसरेच काही शोधताना. 'सायंटिफिक अमेरिकन'चा १९६४ चा जुना अंक होता. त्यात जॉन अमूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख. अमूर यांनी काय केले, तर रसायनशास्त्राच्या ग्रंथांत कोणत्या पदार्थाच्या वासाचे कसे वर्णन आहे ते चाळून काढले. 'कापरासारखा' असे वर्णन असलेले शंभराहून अधिक पदार्थ निघाले. त्यात कापूर होता, सायक्लोऑक्टेन होते, आणि चित्रासकट आमचा हेक्झाक्लोरोइथेनही होता. मी ग्रंथालयातच मोठ्याने हसलो आणि ग्रंथपालबाईंची बोलणी खाल्ली.

या शंभर जणांत एखादा सामाईक अणू शोधू जाल तर हाती काही लागत नाही. सामाईक आहे तो आकार. सगळ्यांचे रेणू साधारण गोलमटोल, व्यास सात आंगस्ट्रॉमच्या आसपास. एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. अमूर यांचे म्हणणे असे, की नाकाच्या आत या मापाच्या वाट्या आहेत, आणि वाटीत चपखल बसेल असा कोणताही लाडू आला की मेंदूला 'कापूर' असा निरोप जातो. लाडू बेसनाचा की रव्याचा, हे वाटीला कळत नाही.

यातले सगळेच काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. अमूर यांनी सातच मूळ वास मानले होते. १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी वासाच्या ग्राहकांची, म्हणजे नाकातल्या रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची, जनुके शोधली, २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि माणसाच्या नाकात सुमारे चारशे प्रकारचे चालू ग्राहक आहेत हे आता ठाऊक आहे. एक रेणू अनेक ग्राहकांना कमीअधिक छेडतो, पेटीवर एकदम अनेक पट्ट्या दाबाव्यात तसा, आणि मेंदू तो मेळ ओळखतो. म्हणजे एका वासाला एक वाटी हा हिशेब फारच सोपा होता. पण कापराच्या टोळीपुरते बोलायचे तर गोलाईचा आणि वासाचा संबंध आजही डोळ्यात भरतो. माझ्या लॅबच्या फळीवर त्याचा पुरावा होता.

ब्युटेनॉल नावाचे अल्कोहोल आहे. त्यातल्या ४ कार्बनची सरळ साखळी असेल तर त्याला उग्र, दारूच्या गुत्त्यासारखा वास येतो आणि ते थंडीत पातळच राहते. तेच ४ कार्बन, तेच १० हायड्रोजन, तोच एक ऑक्सिजन, पण साखळीऐवजी अणूंची मोळी बांधली की होते टर्शरी ब्युटेनॉल. त्याला कापराच्या वळणाचा वास येतो. ते २५ अंशांना गोठते, त्यामुळे आमच्याकडची बाटली एप्रिलमध्ये पातळ असायची आणि डिसेंबरच्या सकाळी दगड. नव्या पोराला बाटली उलटी करून दाखवायची आणि त्याचा चेहरा पाहायचा, हा आमचा दरवर्षीचा कार्यक्रम.

याहून भारी उदाहरण ऑक्टेनचे. पेट्रोल पंपावर जे नाव ऐकतो त्याच कुळातले. ८ कार्बनची सरळ साखळी उणे ५७ अंशांपर्यंत पातळ राहते आणि तिला पेट्रोलसारखा वास येतो. पण दोन कार्बन मध्ये आणि बाकीचे सहा त्यांच्याभोवती, अशी मांडणी केली की तो पदार्थ १०० अंशांपर्यंत घन राहतो, जेमतेम १०६ ला उकळतो आणि वास कापरासारखा. आता आमची डीगॅसरची वडी आठवा: मध्ये दोन कार्बन, भोवती सहा क्लोरिन. ढाचा तोच. सहा मिथाइल गटांच्या जागी सहा क्लोरिन बसलेत इतकेच, आणि दोहोंचे आकारमान जवळपास सारखे. मामांच्या प्रश्नाचे हे उत्तर. ते ऐकायला मामा राहिले नव्हते.

गोल रेणूंची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती घरोघरी माहीत आहे: ते उडून जातात. 'कापरासारखा उडाला' असे आपण म्हणतो ते नुसते म्हणणे नाही. लांबट रेणू एकमेकांत अडकून बसतात. चेंडूसारखे रेणू मात्र घन असतानाही जागच्या जागी गिरक्या घेत असतात आणि शेजाऱ्याला घट्ट धरत नाहीत. म्हणून कापूर सुमारे १७९ अंशांना वितळतो आणि लगेच, २०९ च्या आसपास, उकळतो. पातळ राहायला त्याला सवडच नसते. वडी न वितळता डब्यातच झिजते ती त्यामुळेच. हेक्झाक्लोरोइथेन तर १८५ च्या सुमारास सरळ घनातून वाफेत जातो. डब्यात मिरी टाकली की कापूर उडत नाही असे आमची आई म्हणायची. मी मिऱ्यापेक्षा झाकणावर जास्त भरवसा ठेवतो.

याच मऊपणामुळे कापूर खलात कुटला जात नाही, मेणासारखा चेपला जातो. जुने वैद्य त्यात दोन थेंब स्पिरिट टाकायचे, मग तो भुरभुरीत व्हायचा. आणि कापूर, ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल असे तीन कोरडे खडे एका बाटलीत घालून हलवले की तिन्हींचे पाणी होते. हीच आपली अमृतधारा. लहानपणी मला हा चमत्कार वाटायचा. आज कारण माहीत आहे, की दुसरा पदार्थ मिसळला की कापराचा वितळबिंदू इतर बहुतेकांपेक्षा धडाधड खाली येतो. नवीन पदार्थाच्या रेणूचे वजन काढायला रसायनशास्त्रज्ञ याच खोडीचा उपयोग करत. तरी बाटली हातात हलवताना अजूनही थोडे तसेच वाटते.

आता 'अस्सल' या शब्दाकडे येतो, कारण तुमच्या चौकटीत तो चारदा आला आहे.

झाडाचा कापूर म्हणजे सिनॅमोमम कॅम्फोरा या दालचिनीच्या कुळातल्या झाडाचे लाकूड वाफवून काढलेला. एकेकाळी त्याचे मोठे आगर तैवान होते, आणि जपानने १८९९ मध्ये तिथल्या कापरावर सरकारी मक्तेदारी लादली होती. एवढा कापूर आरतीला लागत नव्हता. सेल्युलॉइडला लागत होता, म्हणजे कंगवे, बाहुल्या, सिनेमाच्या फिल्मा. टेबल टेनिसचा जुना चेंडू कापून नाकाशी धरा, कापूर येईल. २०१४ पासून स्पर्धांत दुसऱ्या प्लॅस्टिकचे चेंडू आले, त्यांत ही मजा नाही. पुढे टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून कापूर बनवायची रीत बसली, आणि आज देवघरातल्या वड्या बहुतेक करून त्याच वाटेने येतात. त्याला 'नकली' म्हणणे मला पटत नाही. रेणू तोच आहे. फरक एकच, की झाडातला कापूर एकाच हाताचा असतो आणि कारखान्यातल्या कापरात उजवे-डावे निम्मेनिम्मे असतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखे.

हा फरक नाकाला कळत नाही. कधीकधी कळतो बरे का: कार्व्होन नावाच्या रेणूचा एक हात पुदिन्याच्या जातीचा वास देतो आणि दुसरा बाळंतशेपांचा. पण उजवा कापूर आणि डावा कापूर नाकाला सारखेच. फरक कळतो पोलॅरिमीटरला, म्हणजे द्रावणातून जाताना प्रकाश किती फिरतो ते मोजणाऱ्या यंत्राला, आणि पोलॅरिमीटर कोल्हापूर जिल्ह्यात कुठे असतो हे सांगायला नको. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाची पोल, म्हणजे त्यातली साखर, रोज त्याच्यावरच काढतात. माझा एक मित्र तिथे होता. हंगाम संपल्यावर एका दुपारी आम्ही चार ठिकाणचा कापूर घेऊन बसलो. दोन साध्या वड्यांचे पुडे, एक 'शुद्ध', आणि एक देवळाबाहेर 'खास झाडाचा भीमसेनी' म्हणून चौपट भावाने घेतलेला खडा. प्रत्येकाचे १० ग्रॅम स्पिरिटमध्ये विरघळवून १०० मिली केले आणि २० सेंटिमीटरच्या नळीत भरले. झाडाचा कापूर असता तर प्रकाश उजवीकडे ९ अंशांच्या जवळपास फिरायला हवा होता. साध्या वड्या शून्य. 'शुद्ध' शून्य. मित्राने भीमसेनीची नळी ठेवली, भिंगाला डोळा लावला आणि माझ्याकडे वळून विचारले, "केवढ्याला घेतलास?"

खरा भीमसेनी हा मुळात कापूरच नव्हे, रसायनशास्त्राच्या हिशेबाने. तो बोर्निओल. सुमात्रा-बोर्निओतल्या एका उंच झाडाच्या खोडात तो खड्यांच्या रूपात सापडतो, आणि सुमात्रातल्या बारूस बंदरावरून मलाय भाषेत त्याला 'कापूर बारूस' म्हणतात. कापरापेक्षा त्यात फक्त २ हायड्रोजन जास्त, वास कापराचाच पण किंचित मिरमिरीत. झाडातला तोही प्रकाश उजवीकडे फिरवतो. आमच्या खड्याने काहीच फिरवले नाही. म्हणजे तो यातला नव्हता आणि त्यातलाही नव्हता. वास मात्र चारांत त्याचाच सर्वांत झणझणीत होता, संपादकसाहेब.

या बोर्निओलचाच एक चुलता पाण्यात भेटतो. उन्हाळ्यात तलावाचे पाणी कमी होऊन शेवाळ माजले की काही सूक्ष्मजीव मिथाइल-आयसोबोर्निओल नावाचा पदार्थ सोडतात. लिटरला १० नॅनोग्रॅम इतका असला तरी नाकाला कळतो. मातकट, कुबट, वर कापराची झाक. लोक म्हणतात पाण्यात औषध जास्त पडले. औषध नसते ते. इतक्या प्रमाणात त्याने अपायही होत नाही. वास घालवायचा तर कोळशाची गाळणी लागते.

इथवर गंमत होती. पुढचे गमतीचे नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या घरातल्या दीड वर्षाच्या नातवाने जमिनीवरचे काहीतरी पांढरे तोंडात घातले. आजीने बोट घालून अर्धे काढले, अर्धे गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कापूर की डांबरगोळी?" घरातले पाच जण, पाचांनी तो ओला तुकडा हुंगला. आजी म्हणाल्या कापूर. सून म्हणाली कपाटातली गोळी. मुलगा म्हणाला बाथरूममधली. मी हुंगला आणि, ३४ वर्षांची नोकरी असूनही, छातीठोकपणे सांगू शकलो नाही. कपाटात, देवघरात, न्हाणीत सगळे एकमेकांशेजारी ठेवले की सगळ्याला सगळ्याचा वास लागतो.

डॉक्टरांना हे का हवे होते ते त्यांनी नंतर सांगितले. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत झटके येऊ शकतात, आणि एवढ्या लहान मुलाला एखादा ग्रॅमही जिवावर बेततो. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन असेल तर पहिला दिवस मूल हसतखेळत राहते आणि मग रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात, विशेषतः ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असते त्यांच्यात. तिसरी, मुतारीत टाकतात ती गोळी, पॅराडायक्लोरोबेन्झीन. ती त्या मानाने कमी घातक. म्हणजे एका बाबतीत पुढचे दोन तास डोळ्यांत तेल घालून बसायचे, दुसऱ्या बाबतीत पुढचे चार-पाच दिवस रक्त तपासत राहायचे.

मग नर्सबाईंनी प्यालाभर पाणी आणले आणि उरलेला तुकडा त्यात सोडला. तो बुडाला. कापूर पाण्यापेक्षा किंचित हलका असतो, तो तरंगतो. मग पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत ढवळले आणि तुकडा हळूहळू वर आला. नॅप्थलीन. मुतारीची गोळी त्या खाऱ्या पाण्यातही तळाशीच राहिली असती. पाच नाकांना जे जमले नाही ते चमचाभर जास्त मिठाने सांगितले. मुलाला चार दिवस ठेवून घेतले. आता तो बालवाडीत जातो.

घरच्या उपायांबद्दलही दोन शब्द, चौकटीत शेवटी 'बाळाच्या छातीला कापूर-तेल' असे आहे म्हणून. कापूर कातडीतून आत जातो. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून अंगाला लावायच्या औषधांत कापूर ११ टक्क्यांच्या वर घालू देत नाहीत आणि दोन वर्षांखालच्या मुलांना तो लावू नये असे सांगतात. आपण खोबरेल तेलात मुठीने वड्या टाकतो, त्याचे माप कुणाकडे असते? आणि नाक मोकळे झाल्यासारखे वाटते ना, ते वाटणेच असते. १९८३ मध्ये ब्रिटनमध्ये माणसांना कापूर, निलगिरी आणि मेंथॉल हुंगायला देऊन नाकातून हवा जायला होणारा अडथळा मोजला. अडथळा होता तेवढाच राहिला, लोकांना मात्र मोकळे वाटले. गारव्याची जाणीव देणारी टोके छेडली जातात, इतकेच. २०२१ च्या एप्रिलमध्ये कापूर, लवंग आणि ओव्याच्या पुरचुंड्यांनी ऑक्सिजन वाढतो असे निरोप फिरत होते, तेव्हा आमच्या गल्लीतले एक गृहस्थ पुरचुंडी नाकाला लावून 'आता बरं वाटतंय' म्हणत बसले होते. बोटावरचे यंत्र ८६ दाखवत होते. त्यांना बरे वाटत होते हे खोटे नव्हते, म्हणूनच त्यांना खुर्चीवरून उठवायला अर्धा तास गेला. ते वाचले, उशीर झाला तरी.

माझी विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी त्याच जागी दुसरी चौकट द्यावी. त्यात वास घ्या असे न लिहिता पाणी घ्या असे लिहावे. स्वच्छ वाटीत पाणी घेऊन कापराचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा सोडावा. कापूर असेल तर तो तरंगेल, आणि नुसता तरंगणार नाही, तर भिंगरीसारखा इकडून तिकडे पळेल. त्याचा अंश पाण्यावर पसरून पृष्ठताण एका बाजूला कमी होतो आणि दुसरी बाजू त्याला ओढते. कापराची होडी आपण शाळेत केलेली आहे, तीच ही. डांबरगोळी बुडेल. आमची डीगॅसरची वडी तर पाण्याच्या दुप्पट जड, दगडासारखी तळ गाठेल. झाडाचा की कारखान्याचा, हे यातून कळणार नाही. ते कळायची गरज देवालाही नसावी.

आणि एक ओळ जाड ठशात: मुलाने असे काही गिळले तर ओकारी काढायच्या भानगडीत पडू नये, उरलेला तुकडा आणि पुडा घेऊन दवाखाना गाठावा.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री केमिस्ट,
कोल्हापूर

ता.क. पत्र पाकिटात घालण्याआधी घरी वाचून दाखवले. मंडळींनी लगेच वाटी घेतली, तुकडा सोडला, आणि तो ढिम्म हलला नाही. तरंगत राहिला नुसता. "बघा, तुमचा कापूरही नकली," असे ऐकून घेतले. मग लक्षात आले, त्या नुकत्याच नातीच्या डोक्याला तेल लावून उठल्या होत्या. तेलाचा पुसटसा हात पाण्याला लागला तरी कापूर थांबतो. लॉर्ड रॅली यांनी १८९० मध्ये हेच मोजले होते: ८४ सेंटिमीटर रुंदीच्या परातीएवढ्या पाण्यावर कापराचा नाच थांबवायला एक मिलिग्रॅमहूनही कमी ऑलिव्ह तेल पुरले. तेव्हा चौकटीत 'वाटी राखेने घासून, भरपूर पाण्याने खळबळून, आणि हात धुऊन' हे शब्द राहू द्यावेत. साबणाचा अंश राहिला तरी हीच गत होते. दुसऱ्या वाटीत पळाला.